लाल फडकं आणि बिनतारी माउस

कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात सहा महिने काढले की माणसाकडे ज्ञान कमी आणि किस्से जास्त जमतात. ज्ञानाचं काय, दर दोन वर्षांनी नवं मॉडेल येतं आणि जुनं ज्ञान भंगारात जातं. किस्से मात्र राहतात. लग्नात, बारशात, पोह्याच्या ठेल्यावर कुणीतरी म्हणतं, "यार, माझा माउस अटकून अटकून चालतो," आणि मी सुरू होतो. बायको तेवढ्यात उठून दुसरीकडे जाऊन बसते. तिला सगळे पाठ आहेत.

त्यातले बहुतेक किस्से कांबळेकाकांचे, आणि त्यातलेही बरेचसे बिनतारी माउसचे. तेव्हा ही चीज इंदुरात नवी होती. बाहेरचा माल बाजारात खुला झाला होता आणि शहरातल्या कापड मिला एकेक करून बंद पडल्या होत्या. एकीकडे बेकार मिलवाले, दुसरीकडे बिनतारी माउस. आमच्या दुकानात दोघं एकाच उन्हाळ्यात आले.

दुकान जुन्या इंदुरात, सप्रेजींचं. सप्रेजी मिलच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. कोण किती वाजता आला आणि किती वाजता गेला, हे त्यांनी जन्मभर लिहिलं. मिल बंद झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटरचं दुकान टाकलं, पण स्वतः कधी कॉम्प्युटरला हात लावला नाही. ते तक्रार रजिस्टर लिहायचे. चार रकाने: तक्रार, कारण, उपाय, कोणी केले. संध्याकाळी सहाला घड्याळाकडे बघून म्हणायचे, "टाइम झाला." की मग समोर कलेक्टर उभा असला तरी शटर खाली!

मी तिथला इंजिनियर. म्हणजे डिप्लोमा माझ्याकडे होता.

आणि कांबळेकाका. मूळचे महूचे, आजोबा पलटणीत होते. स्वतः काका मिलच्या विव्हिंग खात्यात जॉबर, म्हणजे कापड विणायचा माग, त्यांच्या भाषेत लूम, बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. मिल बंद झाली तेव्हा त्यांचे सगळे सोबती कुठल्या ना कुठल्या गेटवर जाऊन बसले. बँकेच्या, हॉस्पिटलच्या, भंवरकुआंच्या कोचिंग क्लासच्या. निळा शर्ट, टोपी, हातात काठी. काका मात्र सप्रेजींकडे आले आणि म्हणाले, "सप्रेजी, झाडू मारायला लावा, पण मशीनजवळ बसवा. गेटवर नाही बसणार मी."

सप्रेजी नियमाचे पक्के. म्हणाले, "दिवाळीच्या आधीच्या शनिवारपर्यंत बघू. तोवर एक तक्रार तुम्ही एकट्यानं क्लोज करायची. 'कोणी केले'मध्ये तुमचं एकट्याचं नाव आलं, तर पक्के. नाही आलं, तर माझा नाइलाज आहे, कांबळेजी."

काकांनी मान डोलवली. साठीच्या आसपासचा माणूस, कॉम्प्युटर आयुष्यात पहिल्यांदा बघत होता. मला वाटलं, हे कसलं होतंय!

*

पहिल्याच दिवशी एका वकिलांचा माउस आला. हा साधा, तारवाला, पोटात गोळी असलेला. काकांनी त्याच्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

"काय करून राहिले, काका?"

"गरम आहे का बघून राहिलो."

माउस गरम होत नाही, असं मी सांगितलं.

"मग चांगली मशीन आहे," काका म्हणाले.

त्यांचा आवाज दुकानाबाहेरच्या गाईलासुद्धा ऐकू गेला. लुमांच्या खडखडाटात वर्षं काढल्यानं त्यांना कमी ऐकू यायचं, आणि आपल्याला कमी ऐकू येतं म्हणजे सगळ्यांनाच येत असणार, असा त्यांचा हिशेब होता.

मग त्यांनी झोळीतून एक लाल फडकं काढून माउसला बांधलं. मिलचा कायदा असा की दुरुस्तीला थांबवलेल्या मशीनला जॉबर लाल फडकं बांधणार, आणि ज्यानं बांधलं तोच ते सोडणार. मॅनेजर आला तरी दुसरा कुणी त्या मशीनला हात लावणार नाही. का, तर एखाद्याचा हात आत असायचा आणि दुसरा मशीन चालू करायचा.

"पण काका, माउसच्या आत कुणाचा हात असणार?"

"ते बाहेरून कसं कळणार, भिया?"

मी माउस उघडला. आतल्या चाकांना कापसासारखा कचरा गुंडाळला होता. काकांचा चेहरा उजळला. "अरे! रुई! इथं पण रुईच साचते का!" माझ्या हातातून माउस घेऊन त्यांनी तो असा साफ केला की कंपनीनं परत विकायला ठेवला असता. आणि मी पाणी प्यायला वळलो तेवढ्यात झोळीतल्या बाटलीतून दोन थेंब तेल सोडलं.

दोन दिवस वकीलसाहेबांचा बाण पडद्यावर नुसता घसरत होता. तिसऱ्या दिवशी कोर्टाच्या फायलींची सगळी धूळ त्या तेलाला चिकटली आणि माउस जागीच बसला. वकीलसाहेब दुकानात आले. मी माफीची वाक्यं जुळवायला लागलो. त्यांनी पिशवीतून चार माउस काढून काउंटरवर ठेवले.

"दोन दिवस काय पळाला हो! हे बाररूमचे. सगळ्यांना तेच तेल घाला."

सप्रेजींनी रजिस्टरात लिहिलं. कोणी केले: दोघे.

*

त्या झोळीत तेलाच्या बाटलीशिवाय एक चामडी पट्टाही असायचा. हातभर लांब, जाड. दर शनिवारी काका त्याला तेल चोळायचे आणि गुंडाळून परत ठेवायचे.

"हा कशाला, काका?"

"लागेल."

कॉम्प्युटरला चामड्याचा पट्टा लागत नाही, हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

*

पहिला बिनतारी माउस आणला जोग सरांनी. रिटायर्ड हेडमास्तर, राहायला लालबागच्या बाजूला. जावयानं परदेशातून आणून दिला होता. "घरी चालत नाही हो. दोन बोटं पुढे जातो आणि विचार करत बसतो."

दुकानात जोडला, तर झक्क चालला. सर खूश होऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. दुकानात पुन्हा झक्क! तिसऱ्या दिवशी आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, वर्गातला मुलगा फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी उत्तरं देतो तेव्हा हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते होतं.

मग काका आणि मी माझ्या स्कूटरवर त्यांच्या घरी गेलो. मी सेल बदलले, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. माउसशी बोलणारी डब्बी टेबलाच्या मागून पुढे आणली, वर ठेवली, चिकटपट्टीनं भिंतीला लावली. काही उपयोग नाही.

काका तेवढा वेळ टेबलावर तळहात फिरवत होते. टेबलाला वरून काच होती आणि काचेखाली सगळ्या घरादाराचे फोटो. काकांनी माउस माझ्या हातातून घेतला आणि काचेवर हळूहळू फिरवला. सरांच्या आईवर अडकला. थोरल्या मुलाच्या मुंजीवर अडकला. बद्रीनाथच्या ग्रुप फोटोवर तर मेलाच. आणि डाव्या कोपऱ्यात, सूट घातलेल्या एका गृहस्थांच्या तोंडावर आला, तो सुसाट सुटला!

"हे कोण?" काकांनी विचारलं.

"आमचे जावई."

तिथं कधीतरी चहा सांडून काचेखाली गेला होता आणि त्या जागी काच आतून गढूळ झाली होती. बाकी सगळी काच लख्ख. माउसच्या खालचा दिवा लख्ख काचेवर आंधळा होतो. हे सगळं मी जोगकाकूंना नीट समजावून सांगितलं. म्हटलं, नुसता एक कागद खाली घाला, कुठंही चालेल.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "कागद कशाला? जावईबापूंनी दिलाय, त्यांनाच ओळखणार ना तो," म्हणाल्या, आणि चहा टाकायला गेल्या.

पुढे वर्षभर सर जावयाच्या फोटोवरच काम करत होते.

सप्रेजींनी विचारलं, जागा कुणी शोधली? मी म्हटलं, काकांनी. कारण कुणी सांगितलं? काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "नितीननं." कोणी केले: दोघे.

*

मे महिन्यात आमच्या दुकानातलाच बिनतारी माउस अटकायला लागला. काका म्हणाले, हवा सुकी झाली आहे.

मी म्हटलं, "हवेचा काय संबंध?"

"भिया, विव्हिंग खात्यात हवा सुकी झाली की धागा तुटतो. म्हणून खात्यात पाण्याचा फवारा मारतात."

"पण काका, याला तारच नाही!"

"तार कशी नाही? दिसत नाही, इतकंच. तिकडची गोष्ट इकडे येते, तर मधे काही असेल ना?"

मी घाम पुसत बाहेर उभा राहिलो. काकांनी बादली आणली, टेबलाभोवती पाणी शिंपडलं आणि माउस चालायला लागला. शिंपडायला जागा हवी म्हणून त्यांनी सप्रेजींची लोखंडी पेटी माउस आणि डब्बीच्या मधून उचलून बाजूला ठेवली होती. खरं कारण ती पेटी. पण मी हे सांगेपर्यंत सप्रेजींचं लिहून झालं होतं. कारण: हवा सुकी. उपाय: पाणी.

"आता तरी काकांचं एकट्याचं नाव घाला," मी म्हटलं.

"दुकानाची स्वतःची तक्रार धरता येत नाही. बाहेरून आली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन आला. त्यांचाही माउस अटकत होता आणि त्यांना कुणीतरी आमचा उपाय सांगितला होता.

"साधं पाणी चालेल, की फिल्टरचं?"

*

मिलवाल्यांची हातांची एक भाषा असते. लुमांच्या आवाजात तोंडानं बोलून उपयोग नाही, म्हणून सगळं हातांनी. मूठ दाखवली, म्हणजे मशीन बंद. एक बोट वर करून हवेत गोल फिरवलं, म्हणजे चालू. हे दोन मला काकांनी शिकवले. त्यांना स्वतःला किती येत होते, ते एकदा कळलं. रस्त्याच्या पलीकडे त्यांचा मिलमधला सोबती उभा होता आणि मधून टेम्पो, सायकली, एक वरातसुद्धा जात होती. पाच मिनिटं दोघांचे हात हालत राहिले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"पोरीचं लग्न जमलं, मुलगा रेल्वेत आहे, बायकोचे गुडघे दुखून राहिले, डॉक्टर बदलला. आणि दुकानातल्या पोराला दाढी करायला सांग म्हणाला."

मी सप्रेजींना विचारलं, तुम्हाला येते का ही भाषा? ते जवळजवळ रागावलेच. "मी बाबू माणूस. ऑफिसात बसायचो. मला नाही येत असलं काही."

*

नमकीनवाल्या सेठजींचा माउस आला, तो बोटातून निसटत होता. हिशेब लिहिता लिहिता शेव खाणाऱ्या माणसाचा माउस तसा असायचाच. मी पुसून दिला, तरी बाण अडखळतच होता. काकांनी उलटा करून खिडकीशी धरला. "नितीन भिया, याच्या डोळ्यात काही तरी आहे."

मी चिमट्यानं काढलं. शेवेचा तुकडा होता, तांदळाच्या दाण्याएवढा. सेठजी हसले. "आमच्याच दुकानचा माल! शहरात अशी शेव नाही, भिया."

काकांनी तो तुकडा बोटावर घेतला आणि मी थांबवायच्या आत तोंडात टाकला. थोडा वेळ विचार केला.

"सेठजी, ही तुमची नाही."

"मतलब?"

"तुमच्या शेवेत लौंग जास्त असते. ही तुमच्या समोरच्याची आहे."

तो कॉम्प्युटर दिवसभर सेठजींचा थोरला मुलगा चालवायचा. सेठजी माउस घेऊन तडक निघाले. पुढे त्यांच्या घरी काय झालं ठाऊक नाही, पण मुलगा महिनाभर त्यांच्या दुकानात दिसला नाही.

तुकडा दिसला कुणाला: काकांना. काढला कुणी: मी. सप्रेजींनी पेन उचललं तेव्हा मीच म्हटलं, "दोघे." मला आता त्या शब्दाचा राग यायला लागला होता, आणि दर वेळी आपलाच हात मधे येतो म्हणून स्वतःचाही.

*

दसरा झाला. भंवरकुआंच्या एका कोचिंग क्लासचा फोन आला. तिथले डायरेक्टर सर भिंतीवर मोठ्या पडद्यावर शिकवायचे आणि त्यांचा बिनतारी माउस भर वर्गात अटकायचा. पोरं हसायची. सर भडकले होते.

मी दोनदा जाऊन आलो. सेल, सॉफ्टवेअर, डब्बी, कागद, सगळं झालं. मी असेपर्यंत ठीक, मी जिना उतरलो की फोन. तिसऱ्या वेळी काका सोबत आले.

त्यांनी माउसवर हात ठेवला, पडद्यावरचा बाण बघितला आणि म्हणाले, "हा बिचारा ठीक आहे. याला शेजारचा कुणी हलवून राहिला."

मिलमध्ये एखादा लूम उगाच थरथरायला लागला, तर जॉबर त्याच्या आजूबाजूचे लूम एकेक करून बंद करत जातो. ज्याच्या बंद होण्यानं थरथर थांबते, तो चोर. काकांनी तेच केलं. अख्ख्या क्लासमध्ये फिरून एकेक मशीन बंद केली आणि प्रत्येकीला लाल फडकं बांधलं. लायब्ररीतले कॉम्प्युटर, झेरॉक्स, वॉटर कूलर. फडकी संपली, तेव्हा सरांचा लाल रुमाल मागून घेतला. पोरं वर्गातून बाहेर येऊन गलका करायला लागली. काका त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "शांत!" आणि तीन मजल्यांवर शांतता पसरली.

मी सरांच्या माउसशी, काका काचेपलीकडे कॉरिडॉरमध्ये. ते मूठ दाखवायचे, मी बाण फिरवायचो आणि मान हलवायचो. शेवटी ते रिसेप्शनवर गेले. तिथल्या मॅडमचा माउस अगदी तसाच होता. दोन्ही एकदम घेतले होते आणि दोन्ही एकाच चॅनेलवर बोलत होते. काकांनी मॅडमचा हात हळूच बाजूला करून फडकं बांधलं. इकडे बाण लोण्यासारखा पळायला लागला.

मॅडम त्या वेळी पत्त्यांचा गेम खेळत होत्या. सरांनी एकदा पडद्यावरच्या बाणाकडे आणि एकदा मॅडमकडे बघितलं. मग मला विचारलं, "म्हणजे हा जेव्हा जेव्हा अटकला, तेव्हा तेव्हा त्या...?"

मी म्हटलं, "तसंच काही सांगता येत नाही, सर." मॅडमनी पुढे मला दिवाळीचा फराळ पाठवला.

मी बटण दाबून एका माउसचा चॅनेल बदलला आणि काम झालं. सर काकांकडे बघतच राहिले. "काय आवाज आहे यांचा! सप्रेजींना सांगा, असा माणूस आम्हाला गेटवर पाहिजे. ड्रेस मी शिवून ठेवतो."

काका फडकी सोडून गोळा करायला लागले. दुकानात सप्रेजींनी रजिस्टर उघडलं. मी घाईघाईनं म्हटलं, "एकट्या काकांनी केलं! मी नुसता उभा होतो."

"बटण यानं दाबलं," काका म्हणाले. "मला ते बटण माहीत नव्हतं."

सप्रेजींनी लिहिलं. दोघे.

*

दिवाळीच्या आधीचा शनिवार उजाडला. आणि नशीब बघा, दुकान उघडताच कोचिंगचा शिपाई डायरेक्टर सरांचाच माउस घेऊन आला. सेल धरणारी पत्ती वाकली होती. एवढंसं काम. मी दोन्ही हात खिशात घातले.

"काका, हा तुमचा. मी बघणारसुद्धा नाही."

काकांनी माउसवर हात ठेवला, फडकं बांधलं आणि चिमटा शोधायला वळले. तेवढ्यात फोन वाजला. सप्रेजींनी उचलला.

"हो, आहेत... लाल?... अजून?" त्यांनी फोन ठेवला आणि चष्मा काढला.

फोन मिलमधून होता. तिथली सगळी मशीनरी भंगारात विकली गेली होती. ठेकेदारानं ट्रक आणले होते आणि उचलायला माणसं लावली होती, ती मिलचीच जुनी. सगळे लूम गेले, एक राहिला. त्याला लाल फडकं बांधलेलं होतं. ठेकेदार ओरडून थकला, पण कुणी हात लावेना. म्हणे, कांबळे जॉबरचं फडकं आहे, तो आल्याशिवाय नाही.

काकांनी झोळी खांद्याला अडकवली.

"कांबळेजी," सप्रेजी म्हणाले, "आज शनिवार आहे. हे अर्ध्या तासाचं काम आहे. हे करून जा."

काकांनी काउंटरवरच्या माउसकडे बघितलं. "सप्रेजी, तिकडचं फडकं आधीचं आहे."

मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. एवढ्या मोठ्या खात्यात जमिनीतून नुसते बोल्ट वर आलेले होते, रांगांच्या रांगा. मधोमध एकच लूम. त्यावरचं फडकं गुलाबी पडलं होतं. भोवती दहाएक म्हातारे उकिडवे बसले होते. ठेकेदार म्हणाला, "काका, जल्दी सोडा, ट्रक उभा आहे."

काकांनी फडकं सोडलं नाही. लुमावर तळहात ठेवला, डोळे मिटले. मग झोळीतून तो चामडी पट्टा काढला.

"त्या दिवशी याचा पट्टा तुटला होता," ते मला म्हणाले. "मी स्टोअरमधून नवा घेऊन बाहेर आलो, तर मिल बंद झाली म्हणाले. खात्यात परत जाऊच दिलं नाही."

त्यांनी गंज घासला, तेल घातलं, धोटा फेकणाऱ्या दांड्याला पट्टा बसवला. मी पाना धरायला पुढे झालो. "हात खिशात, भिया," ते म्हणाले. दुपार कलली. ठेकेदार ट्रकमध्ये जाऊन झोपला.

मग काकांनी दोन्ही हातांनी चाक फिरवलं. धोटा या टोकापासून त्या टोकाला गेला. खट्! एकदाच. काकांनी बोट वर करून हवेत गोल फिरवलं. दहाही म्हाताऱ्यांनी बोटं वर केली. मग काकांनी फडकं सोडलं, घडी केली आणि झोळीत ठेवलं.

"आता न्या."

ठेकेदार उठून आला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "भंगारात जाणारी मशीन दुरुस्त कायको केली यांनी?" मी स्कूटरला किक मारत राहिलो.

दुकानात पोचलो तेव्हा सहाला दोनच मिनिटं होती. डायरेक्टर सर काउंटरसमोर खुर्चीवर बसले होते. माउस सकाळी होता तिथंच, फडक्यासकट.

"अरे सप्रेजी, बस एक पत्ती दाबायची आहे, दाबून टाका ना!" ते बहुधा दहाव्यांदा म्हणत होते.

"फडकं माझं नाही," सप्रेजी म्हणाले.

सरांना काका दिसले. "हां, हे आले! कांबळेजी, सोमवारी सकाळी सातला या. ड्रेस रेडी आहे. आणि हे जरा सोडा, मी निघतो."

काका माउसकडे हात न्यायला लागले.

"थांबा," सप्रेजी म्हणाले. त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. "सकाळी फोनवर तक्रार आली होती. बाहेरून. कारण?"

काका गोंधळले. "पट्टा तुटला होता."

"उपाय?"

"पट्टा घातला."

"कोणी केलं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी खिशातून दोन्ही हात काढून दाखवले. स्वच्छ होते. काकांचे कोपरापर्यंत काळे.

"मीच," काका म्हणाले.

सप्रेजींनी सावकाश लिहिलं, शाईवर फुंकर घातली आणि रजिस्टर मिटलं. मग घड्याळाकडे बघितलं.

"टाइम झाला."

"अरे, आणि माझा माउस?"

"ज्यानं फडकं बांधलं तोच सोडणार. सोमवारी या."

"पण सोमवारी तर हे आमच्या गेटवर..."

सप्रेजींनी सगळ्यांना बाहेर काढून शटर ओढलं. आमच्या शटरचा आवाज असा की शेजारचं माणूस काय बोलतंय ते ऐकू येत नाही. सर काहीतरी विचारत होते, त्यांचे नुसते ओठ हालत होते. काका पायरीवर उभे, झोळी खांद्याला.

एका हातानं शटर ओढता ओढता सप्रेजींनी काकांकडे बघितलं, दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं आणि हवेत गोल फिरवलं.